एवढ्याशा जिवाचा अमोनिया कसा मोजायचा?

कोकणच्या किनाऱ्यावर डोल जाळ्यांत ढिगाने सापडणारा जवळा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा हा प्राणी, शास्त्रीय नाव अ‍ॅसेटेस इंडिकस, कवचधारी प्राण्यांच्या मोठ्या गोतावळ्यातला. कोळंबी आणि खेकडा त्याचे भाऊबंद. बोंबील त्याला खातो, माणूस त्याला वाळवून ठेवतो. पण या गोतावळ्यातल्या लहानांमध्ये जवळा तसा थोरलाच. त्याच्याहून लहान, सेंटिमीटरभराचे मायसिड असतात. त्यांच्या माद्या पिल्ले पोटाखालच्या पिशवीत वाढवतात. त्याहूनही लहान म्हणजे कोपेपॉड. बहुतेक एक ते तीन मिलिमीटरांचे हे जीव समुद्रातल्या जाळीने गोळा होणाऱ्या प्राणिप्लवकांत संख्येने सहसा सर्वांत जास्त भरतात.

हे सगळे खातात, आणि खाल्लेल्या प्रथिनांतला नको असलेला नायट्रोजन पुन्हा पाण्यात सोडतात. तो किती सोडतात, हा प्रश्न समुद्राचा अभ्यास करणाऱ्यांना गेली अनेक दशके सतावतो आहे. त्याचे उत्तर शोधण्याच्या दोन वाटा आहेत. एक प्राण्याला बाटलीत ठेवून पाणी तपासण्याची, दुसरी प्राण्याच्या पेशीतले एक विकर, म्हणजे एन्झाइम, तपासण्याची. दोन्ही वाटांची उत्तरे नेहमी जुळत नाहीत. माझ्या मते या विषयातली सर्वांत मोलाची माहिती त्या न जुळण्यातच दडलेली आहे. पण तिथे पोचण्याआधी पेशीत काय घडते ते पाहायला हवे.

प्रथिनांमध्ये वजनाने साधारण 16 टक्के नायट्रोजन असतो. चरबी साठवता येते, साखरेचे रूपांतर करून ठेवता येते, पण गरजेपेक्षा जास्त आलेली अमिनो आम्ले तशीच साठवून ठेवण्याची सोय प्राण्यांच्या शरीरात नाही. त्यांचा कार्बनी सांगाडा ऊर्जेसाठी जाळता येतो. त्यासाठी आधी त्यांना चिकटलेला नायट्रोजनचा गट सुटा करावा लागतो. सुटा झालेला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात येतो आणि अमोनिया विषारी आहे. माणूस त्याचा युरिया बनवतो, पक्षी आणि कीटक युरिक आम्ल बनवतात. दोन्हींसाठी ऊर्जा खर्ची पडते. समुद्रातल्या लहान कवचधाऱ्यांना हा खर्च करण्याचे कारणच नाही. चहूकडे पाणी आहे, शरीर इवलेसे आहे आणि पेशीपासून पाण्यापर्यंतचे अंतर नगण्य आहे. म्हणून ते अमोनिया जसाच्या तसा बाहेर टाकतात. थोडा युरिया आणि काही अमिनो आम्लेही बाहेर पडतात, पण मुख्य वाटा अमोनियाचाच.

अमिनो आम्ले वीस प्रकारची. प्रत्येकाचा नायट्रोजन सोडवायला स्वतंत्र यंत्रणा ठेवण्याऐवजी पेशी बऱ्याच आम्लांचा नायट्रोजन एका ठिकाणी गोळा करते. अल्फा-कीटोग्लुटारेट नावाचा एक रेणू तो गट स्वीकारतो आणि त्याचे ग्लुटामेट बनते. मग पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांत, ग्लुटामेट डीहायड्रोजनेज हे विकर पुढे येते. संशोधक त्याला नुसते जीडीएच म्हणतात. ते ग्लुटामेटमधला नायट्रोजन अमोनियमच्या रूपात सोडते, त्यातून पुन्हा अल्फा-कीटोग्लुटारेट तयार होते आणि तेच पुढचा गट घ्यायला मोकळे होते. या क्रियेत एनएडी हा सहकारी रेणू हायड्रोजन घेऊन एनएडीएच बनतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, कारण सगळे मोजमाप तिच्यावर उभे आहे.

अमोनियम तयार झाल्यावर ते बाहेर पडते. जवळ्यासारख्या किंवा खेकड्यासारख्या प्राण्यांत हे काम मुख्यतः कल्ल्यांतून होते. कोपेपॉडांना कल्ले नसतात. त्यांचा अमोनिया शरीराच्या पृष्ठभागातूनच निघून जातो असे मानतात. समुद्राच्या पाण्याचा सामू साधारण 8.1 असतो. त्या सामूला पाण्यातला जवळजवळ 95 टक्के अमोनिया हायड्रोजनचा एक आयन घेऊन अमोनियम बनतो, आणि अमोनियम हे वनस्पतिप्लवकांचे आवडते खाद्य.

आवडते का, त्याचे कारण सरळ आहे. नायट्रेट मिळाले तर शैवालाच्या पेशीला ते वापरण्याआधी अमोनियमपर्यंत आणावे लागते, आणि त्यासाठी प्रत्येक रेणूमागे आठ इलेक्ट्रॉन खर्च होतात. अमोनियम आयतेच मिळाले तर हा खर्च वाचतो. 1967 साली रिचर्ड डगडेल आणि जॉन गोअरिंग यांनी समुद्रातल्या उत्पादनाचे दोन भाग पाडले. खोल पाण्यातून वर आलेल्या नायट्रेटवर जे वाढते ते नवे उत्पादन. उजेडाच्या थरातच कुणीतरी खाऊन सोडलेल्या अमोनियमवर जे वाढते ते पुनर्चक्रित उत्पादन. ही विभागणी साधी दिसते, पण तिने सागरविज्ञानाचे प्रश्न विचारण्याची रीत बदलली. समुद्र वातावरणातला किती कार्बन खोलवर नेऊ शकतो, हे नव्या उत्पादनाच्या प्रमाणावर अवलंबून असते. म्हणजे एखाद्या ठिकाणचे प्राणी किती अमोनियम सोडतात हे कळले नाही, तर त्या ठिकाणचा कार्बनचा हिशेबही लागत नाही. खुल्या समुद्रातल्या या पुनर्चक्रणात जीवाणूंचा आणि एकपेशीय प्राण्यांचा वाटा मोठा असतो, हेही सांगितले पाहिजे. कोपेपॉड आणि मायसिड एकटे हे काम करत नाहीत. पण त्यांचे वैशिष्ट्य असे की ते पोहतात, एका थरात खातात आणि दुसऱ्या थरात सोडतात. त्याकडे शेवटी येऊ.

आता मोजण्याची पहिली वाट. सागरी पाणी बारीक गाळणीतून गाळून घेतात, म्हणजे त्यात शैवाल राहत नाही. राहिले तर प्राण्याने सोडलेले अमोनियम तेच खाऊन टाकते. हे पाणी बाटल्यांत भरतात. काही बाटल्यांत मोजून प्राणी सोडतात, काही मुद्दाम रिकाम्या ठेवतात. बाटल्या समुद्राच्याच तापमानाला, बहुधा अंधारात, काही तास ठेवतात. मग प्राणी काढून घेतात आणि दोन्ही प्रकारच्या बाटल्यांतले अमोनियम मोजतात. त्यासाठी लुसिया सोलोर्सानो यांनी 1969 साली प्रसिद्ध केलेली फिनॉल-हायपोक्लोराइटची पद्धत अनेक प्रयोगशाळांत रुळली. अमोनिया असलेल्या पाण्यात ही रसायने टाकली की इंडोफिनॉल नावाचे निळे द्रव्य तयार होते. निळेपणा जितका गडद, तितका अमोनिया जास्त. 640 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश त्यातून पाठवून हा गडदपणा आकड्यात मांडतात. प्राण्यांच्या बाटलीतल्या आकड्यातून रिकाम्या बाटलीचा आकडा वजा केला, वेळेने आणि प्राण्यांच्या वजनाने भागले, की उत्सर्जनाचा दर मिळतो.

लिहिताना सोपे वाटते, करताना नाही. खुल्या समुद्राच्या वरच्या पाण्यात अमोनियम लिटरमागे एक मायक्रोमोलहूनही कमी असते. एवढ्या थोड्यात बदल ओळखायचा तर बाटलीत जास्त प्राणी ठेवावे लागतात, आणि समुद्रात लांब लांब राहणारे जीव अशा गर्दीत नेहमीसारखे वागत नाहीत. प्रयोगशाळेच्या हवेतला, हातांवरचा, नीट न धुतलेल्या काचेवरचा अमोनियाही नमुन्यात शिरतो. जाळ्यातून नुकतेच काढलेले प्राणी घाबरलेले असतात आणि पोट भरलेले असते, म्हणून पहिल्या तासाभरात ते जास्त अमोनियम सोडतात. पुढे बाटलीत खायला काहीच नसल्याने दर उतरत जातो. मग खरा दर कोणता धरायचा, पहिल्या तासाचा की सहाव्या? शिवाय बाटलीत जीवाणू वाढतात. वर, जहाज एका जागी उभे ठेवून हे सगळे करायचे तर दिवसाकाठी थोड्याच ठिकाणचे नमुने हाती लागतात. समुद्र केवढा, आणि बाटल्या केवढ्या!

या अडचणीतून दुसरी वाट निघाली. तिची कल्पना आधी श्वसनासाठी पुढे आली होती. थिओडोर पॅकार्ड यांनी 1971 साली वनस्पतिप्लवकांतली इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या विकरांची साखळी मोजण्याची पद्धत मांडली. प्राणवायू वापरणारी यंत्रणाच मोजली, तर जीव बाटलीत ठेवण्याची गरज राहत नाही, असा त्यामागचा विचार. तोच विचार नायट्रोजनला लावायचा तर जीडीएच मोजायला हवे. रॉबर्ट बिडिगेअर आणि एफ. डी. किंग यांनी 1981 साली प्रॉनस फ्लेक्सुओसस या मायसिडवर हे काम केले. पुढच्या काळात स्पेनच्या ग्रॅन कनारिया बेटावरच्या संशोधकांनी लेप्टोमायसिस लिंगव्हुरा हा मायसिड निवडला. कॅनरी बेटांच्या खडकाळ किनाऱ्याला तो थव्यांनी राहतो आणि प्रयोगशाळेत ठेवता येतो.

कृती अशी. प्राणी पकडल्याबरोबर द्रव नायट्रोजनमध्ये गोठवतात. त्या क्षणी पेशीत जेवढे विकर होते तेवढेच राहते. त्यानंतर महिन्यांनी तपासले तरी चालते, हा या वाटेचा मोठा फायदा. मग बर्फावर ठेवलेल्या भांड्यात, ठरावीक सामूच्या द्रावणात, प्राणी पार वाटून घेतात. तंतुकणिकांचे आवरण फुटावे म्हणून थोडे साबणासारखे द्रव्य घालतात. मिश्रण वेगाने फिरवले की कवचाचे तुकडे तळाशी बसतात आणि विकरे वरच्या निवळीत राहतात.

ही निवळी काचेच्या एक सेंटिमीटर रुंद चौकोनी नळीत घेतात. तीत ग्लुटामेट आणि एनएडी भरपूर घालतात, आणि नळीतून 340 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडतात. एनएडी हा प्रकाश शोषत नाही. एनएडीएच शोषतो. म्हणून जीडीएच काम करू लागले की दर क्षणाला प्रकाश थोडा थोडा जास्त अडतो आणि यंत्रावरची रेघ चढू लागते. एनएडीएचच्या एका मोलर द्रावणाची शोषकता 6,220 असते हे माहीत आहे. समजा, शोषकता मिनिटाला 0.00622 ने वाढली. तर एनएडीएचचे प्रमाण मिनिटाला लिटरमागे एक मायक्रोमोलने वाढले. नळीत एक मिलिलिटर द्रव असेल तर हे मिनिटाला एक नॅनोमोल, तासाला 60 नॅनोमोल झाले. क्रियेत एका एनएडीएचमागे एक अमोनियम सुटते, तेव्हा हीच अमोनियमच्या निर्मितीची क्षमता. एकाच प्राण्याच्या, मिलिग्रॅमभर ऊतीच्या नमुन्यावरही हे करता येते, हे मला फार सुंदर वाटते. त्याच निवळीतले प्रथिनही मोजतात, म्हणजे लहान-मोठ्या प्राण्यांची तुलना करता येते. शेवटी तापमानाची दुरुस्ती करतात, कारण अशा क्रियांचा वेग दहा अंशांना साधारण दुप्पट होतो, आणि प्रयोगशाळेचे तापमान व समुद्राचे तापमान क्वचितच सारखे असते.

आता खरा प्रश्न. मिळालेला आकडा कशाचा?

नळीत ग्लुटामेट आणि एनएडी आपण भरपूर घातले होते. विकराला वाट पाहावी लागलीच नाही. म्हणून तो आकडा जास्तीत जास्त वेगाचा आहे. पिठाची गिरणी तासाला किती दळू शकते हे तिच्या जात्यावरून कळते. आज किती पीठ पडले हे लोकांनी किती दळण आणले त्यावर ठरते. जीडीएचचे तसेच. लिओनोर मिकायलिस आणि मॉड मेंटन यांनी 1913 साली दाखवले की विकराचा वेग त्याच्यासमोर किती कच्चा माल आहे त्यावर बदलतो. माल कमी असेल तर वेग जवळजवळ त्याच प्रमाणात कमी, माल पुरेसा वाढला की वेग एका मर्यादेला टेकतो. जिवंत पेशीत ग्लुटामेट बेताचे असते. शिवाय पेशीची स्वतःची नियंत्रणे असतात. अनेक प्राण्यांच्या जीडीएचला एडीपी चेतवते आणि जीटीपी रोखते, म्हणजे ऊर्जा कमी पडली की विकर जोरात चालते आणि ऊर्जा मुबलक असली की सुस्तावते. नळीत यातले काही दिसत नाही.

उपासाचे प्रयोग याच कारणाने महत्त्वाचे ठरले. लेप्टोमायसिसला उपाशी ठेवले की अमोनियमचे उत्सर्जन लवकरच उतरते. विकर मात्र त्या वेगाने कमी होत नाही. पेशीने बांधलेली यंत्रणा काही तासांत मोडून टाकली जात नाही. परिणामी उत्सर्जन भागिले जीडीएच हे गुणोत्तर घसरते. एके काळी अशा निष्कर्षांकडे पद्धतीचा दोष म्हणून पाहिले जाई: दोन आकडे जुळत नाहीत, तर विकरावर भरवसा कसा ठेवायचा? मला हे उलटे वाटते. जीडीएचचा आकडा प्राण्याच्या गेल्या काही दिवसांबद्दल सांगतो, उत्सर्जनाचा आकडा गेल्या काही तासांबद्दल. दोन्ही हाती असतील तर त्या प्राण्याला नुकतेच पोटभर मिळाले होते की नाही हे समजते. एका आकड्याने दुसऱ्याची जागा घ्यावी ही अपेक्षाच चुकीची होती. खुल्या समुद्राच्या नकाशासाठी जीडीएच वापरायचे असेल, तर ते कुठल्याशा ठरलेल्या गुणकाने गुणून भागत नाही. कच्चा माल किती होता हेही हिशेबात धरावे लागते. पॅकार्ड आणि त्यांचे सहकारी विकरांच्या गतिशास्त्राची समीकरणे वापरू लागले ते याचसाठी.

आणखी एक गुंता आहे, आणि खाडीकाठच्या वाचकाला तो जवळचा वाटेल. जीडीएचची क्रिया दोन्ही दिशांना होऊ शकते. रासायनिक समतोल तर ग्लुटामेट बनण्याच्या बाजूला झुकलेला असतो. पाण्याचा खारटपणा वाढला की अनेक कवचधारी प्राणी पेशीत अमिनो आम्ले साठवतात, म्हणजे पेशीतले पाणी बाहेर ओढले जात नाही. अशा वेळी अमोनियाचे उत्सर्जन कमी होते. गोडे पाणी आले की साठवलेली अमिनो आम्ले मोडली जातात आणि उत्सर्जन वाढते. पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी दर भरती-ओहोटीला पाणी बदलते. तिथल्या प्राण्यांचे उत्सर्जन नुसत्या खाण्यावर मोजता येणार नाही. अमोनियम सुटण्याच्या इतरही वाटा पेशीत आहेत. ग्लुटामाइनमधून, काही अमिनो आम्लांमधून थेट, एएमपीच्या चक्रातून. जीडीएच ही मोठी वाट असली तरी एकमेव नव्हे.

कोणते अन्न जाळले जाते हे ओळखायची एक सोपी खूण इथे सांगून ठेवतो. प्राण्याने वापरलेल्या ऑक्सिजनच्या अणूंना सोडलेल्या नायट्रोजनच्या अणूंनी भागायचे. नुसते प्रथिन जळत असेल तर उत्तर सातच्या आसपास येते. चरबी जळत असेल तर ते कित्येक पटींनी वर जाते, कारण चरबीत नायट्रोजन जवळजवळ नसतोच.

अमोनियम नेहमी बाहेरच टाकले जाते असेही नाही. अंटार्क्टिक समुद्रातले काही कोपेपॉड हिवाळा खोल पाण्यात सुप्तावस्थेत काढतात. त्यांच्या शरीरद्रवात सोडियमच्या जागी अमोनियम फार मोठ्या प्रमाणात साठलेले आढळते, आणि तो द्रव आम्लधर्मी असतो, म्हणून विषारी अमोनिया त्यातून सुटत नाही. अमोनियमचे द्रावण सोडियमच्या द्रावणाहून हलके असते, त्यामुळे हे जीव हातपाय न हलवता पाण्यात तरंगत राहतात. टाकाऊ पदार्थाचा असा उपयोग करून घेणारी सृष्टी पाहिली की थक्क व्हायला होते.

आता पोहणाऱ्या प्राण्यांकडे, म्हणजे आपल्या अरबी समुद्राकडे. इथे साधारण दीडशे मीटरपासून हजारेक मीटरपर्यंत पाण्यात ऑक्सिजन अत्यंत कमी आहे. जगातल्या खुल्या समुद्रांतल्या अशा तीन मोठ्या पट्ट्यांपैकी हा एक. गोव्यात दोना पावला इथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत या पट्ट्याचा अभ्यास दीर्घकाळ चालू आहे. इथले जीवाणू नायट्रेट आणि नायट्राइटचा श्वसनासाठी वापर करतात आणि नायट्रोजन वायूरूपाने समुद्रातून निघून जातो. ज्याला अ‍ॅनामॉक्स म्हणतात त्या क्रियेत तर अमोनियम आणि नायट्राइट यांच्या संयोगातूनच नायट्रोजन वायू तयार होतो. पण ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या त्या थरात अमोनियम येते कुठून?

प्लुरोमॅमा इंडिका हा कोपेपॉड रात्री वरच्या पाण्यात येतो आणि दिवसा त्या कमी ऑक्सिजनच्या थरात उतरतो. शिकारी माशांना तिथे राहणे अवघड असते. वर खाल्लेल्या प्रथिनांचा नायट्रोजन तो खाली अमोनियम म्हणून सोडतो. डॅनिएले बियांकी आणि सहकाऱ्यांनी 2014 साली हिशेब मांडला की असे रोज वर-खाली करणारे प्राणी अ‍ॅनामॉक्सला लागणाऱ्या अमोनियमचा लक्षणीय भाग पुरवू शकतात. विचार पटण्यासारखा आहे. मात्र पुढे राइनर किको आणि सहकाऱ्यांनी उष्ण कटिबंधातले कोपेपॉड आणि क्रिल कमी ऑक्सिजनच्या पाण्यात ठेवून पाहिले, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जातींचे श्वसन घटले आणि अमोनियमचे उत्सर्जनही घटले. प्राणी त्या थरात जणू वेग उतरवून बसतो.

इथे विकराचा आकडा एकटा वापरला तर मोठी चूक होईल. दिवसा सहाशे मीटरवरून काढलेला प्लुरोमॅमा जहाजावर गोठवला, वाटला आणि 340 नॅनोमीटरला तपासला, तर त्याचे जीडीएच भरपूर दिसेल, कारण रात्री वर खाण्यासाठी ते त्याला लागतेच. खोलवर ते वापरले जात होते की नाही हे त्या नळीत कळणार नाही. ते कळायचे तर त्याच जातीचे प्राणी त्याच कमी ऑक्सिजनच्या, त्याच तापमानाच्या पाण्यात ठेवून उत्सर्जन भागिले जीडीएच हे गुणोत्तर आधी काढावे लागेल, आणि रात्रीसाठी वरच्या पाण्यातले दुसरे गुणोत्तर वेगळे ठेवावे लागेल. दोन गुणोत्तरे, दोन थर, आणि प्राणी प्रत्येक थरात किती तास घालवतो याची नोंद, एवढे हाती आले की गोठवलेल्या नमुन्यांवरून त्या थरात किती अमोनियम उतरते याचा भरवशाचा हिशेब मांडता येईल.